गुडघा सुजलाय, मग बोन मॅरो कशाला?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. मुलगी साडेचार वर्षांची. सहा आठवड्यांपासून पाय दुखतात म्हणून रडते. आधी उजवा गुडघा, मग डावा घोटा, मध्येच पाठ. अधूनमधून ताप. गेले दहा दिवस ती चालायला तयार नाही, सारखी कडेवर घ्या म्हणते. गुडघ्यावर थोडी सूज आहे. साताऱ्यात हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. त्यांनी लहान मुलांचा संधिवात असल्याचं सांगून स्टेरॉइडचं सिरप लिहून दिलं. ते सुरू करण्याआधी तुम्ही नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलंत, तर त्यांनी सिरप थांबवलं आणि बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासून घ्या म्हणाले. रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी नाहीत, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, मग एवढ्याशा पोरीच्या हाडात सुई कशासाठी? आणि चार दिवस स्टेरॉइड देऊन बघितलं तर काय बिघडलं? हे तुमचे दोन प्रश्न.

उत्तर आधी देऊन टाकते, कारण तुम्ही रात्री झोपत नाही असं लिहिलंय. तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं ऐका. स्टेरॉइडची बाटली उघडू नका आणि मॅरो तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तुमच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, आहे असं मी म्हणत नाही. तिला हात लावून तपासल्याशिवाय कुणीच तसं म्हणू नये. मी म्हणते ते एवढंच, की तुम्ही लिहिलेल्या आकड्यांचा आणि संधिवाताचा मेळ बसत नाही, आणि मेळ बसत नसताना स्टेरॉइड देणं धोक्याचं असतं. त्यामागचं कारण सविस्तर सांगते. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षं मुख्यतः मुलांच्या सांधेदुखीचंच काम करते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पाय दुखतात म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना यातलं काहीच नसतं. वाढीच्या वयातलं दुखणं, पडणं-झडणं, चिकुनगुनियानंतर रेंगाळलेले सांधे, सर्दी-तापानंतर आठवडाभर दुखणारा खुबा, अशीच कारणं जास्त. ल्युकेमिया क्वचित सापडतो. पण तो दुर्मीळ आहे म्हणून त्याचा विचारच करायचा नाही, असं मात्र चालत नाही.

आता या दोन आजारांत गल्लत का होते ते बघू. मोठ्या माणसाच्या हातापायांच्या लांब हाडांत बरीचशी चरबी असते. लहान मुलाच्या हाडांत मात्र रक्त बनवणारा तांबडा मगज ठासून भरलेला असतो. ल्युकेमियाच्या पेशी याच मगजात वाढतात, हाडाच्या आत दाब वाढतो, हाडावरचं आवरण ताणलं जातं आणि दुखायला लागतं. हे सगळं गुडघ्याच्या, घोट्याच्या जवळ घडलं की मूल गुडघ्यावर हात ठेवून 'इथे दुखतं' म्हणतं आणि आपण त्याला सांधेदुखी समजतो. कधी कधी या पेशी सांध्याच्या अस्तरातही शिरतात. तेव्हा खरोखरची सूज येते, सांध्यात पाणीही होतं. त्यामुळे सूज आहे म्हणजे संधिवातच, असं म्हणता येत नाही. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा ल्युकेमिया म्हणजे लिम्फोब्लास्टिक प्रकारचा, आणि तो दोन ते पाच या वयात सर्वाधिक दिसतो. त्या मुलांपैकी दर चार-पाच जणांत एकाची तरी सुरुवातीची तक्रार हाडं किंवा सांधे दुखण्याची असते. लहान मुलींमध्ये थोड्या सांध्यांचा जो संधिवात होतो, त्याचंही वय साधारण हेच. म्हणून वयावरून काही ठरवता येत नाही.

आणि संधिवाताची व्याख्या बघा. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कोणतंही कारण न सापडलेली सांध्याची सूज, असं ती सांगते. दुसरं कारण आहे का ते शोधल्याशिवाय हे नाव द्यायचंच नाही, असं व्याख्येतच आहे.

आता दुखण्याच्या तऱ्हेकडे येते. आई-वडिलांकडून मी सगळ्यात जास्त वेळ हेच ऐकते, कारण अर्धं निदान त्यातच असतं.

संधिवात असलेलं मूल सकाळी वाईट असतं. उठल्यावर पाय आखडलेले, भिंतीला धरून चालणार, संडासला बसता येणार नाही. मग तासाभरात गाडी रुळावर येते आणि दुपारी तेच मूल अंगणात पळत असतं. दुपारच्या झोपेनंतर पुन्हा थोडं आखडतं. गंमत म्हणजे यातली बरीच मुलं 'दुखतं' असं म्हणतच नाहीत. गुडघा लिंबाएवढा सुजलेला असतो आणि मूल बाकावर चढून उड्या मारत असतं. आई सांगते, 'आंघोळ घालताना दिसलं, तिची काही तक्रार नव्हती.' म्हणजे सूज मोठी आणि दुखणं लहान.

ल्युकेमियात बहुतेक वेळा याच्या उलट दिसतं. सूज थोडी किंवा नसतेच, आणि दुखणं मात्र मुलाला हलू देत नाही. रात्री दीड-दोनला मूल रडत उठतं. कुशीवर केलं, उशी दिली, कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या, तरी चैन पडत नाही. तुम्ही लिहिलंय की ती आठवड्यातून चार-पाच रात्री उठते आणि पाय चेपू देत नाही. हे वाक्य वाचून मी थांबले. वाढीच्या वयातलं दुखणंही संध्याकाळी-रात्री येतं, पण त्यात मूल स्वतःच पाय चेपून मागतं, तेल चोळलं की झोपी जातं आणि सकाळी काही झालंच नाही असं खेळायला पळतं. दोन्ही पायांच्या पोटऱ्या, मांड्या दुखतात, सांधा सुजत नाही आणि मूल लंगडत नाही. हाडच दुखत असलेल्या मुलाला मात्र चेपणं सहन होत नाही.

म्हणून तपासताना मी सांधा सोडून त्याच्या वर आणि खाली, म्हणजे नडगीवर, मांडीच्या हाडाच्या टोकाशी, छातीच्या मधल्या हाडावर बोटाने दाबून बघते. सांध्याच्या फटीपेक्षा हाडावर दाबल्यावर मूल जास्त कळवळलं, तर माझं लक्ष संधिवातावरून उडतं. चार-पाच वर्षांच्या मुलाची पाठ दुखणं आणि इतक्या लहान वयात खुब्यापासून सुरुवात होणं, ही दोन्ही संधिवाताला न शोभणारी लक्षणं. तुमच्या मुलीची पाठ दुखते हे तुम्ही ओघात लिहून गेलात. डॉक्टरांना ते ठळकपणे सांगा.

तापाचंही तसंच. एका प्रकारच्या संधिवातात ताप हे मुख्य लक्षण असतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १८९७ साली त्याचं वर्णन केलं होतं. त्यात ताप रोज ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, चढतो आणि आपोआप पूर्ण उतरतो. चढताना अंगावर फिकट गुलाबी पुरळ उमटतं, ताप उतरला की तेही जातं. आपल्या सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाही. उजेडात पाठ आणि काखा बघाव्या लागतात. तुमच्या मुलीचा ताप कधी येतो, कधी चार दिवस येतच नाही. त्याला असा आकार नाही. अर्थात एवढ्यावरून काही ठरत नाही.

आता रिपोर्ट. तुम्ही आकडे नीट उतरवून दिलेत, त्याबद्दल आभार. हिमोग्लोबिन ८.९. पांढऱ्या पेशी ४,३००. त्यांत न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, १६ टक्के, आणि लिम्फोसाइट हा दुसरा प्रकार ७९ टक्के. प्लेटलेट १,६८,०००. ईएसआर, म्हणजे शरीरातल्या दाहाचं माप, ९२. आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवातासाठी करतात त्या रक्तचाचण्या निगेटिव्ह, एएसओ ४००. लॅबने फक्त हिमोग्लोबिन, ईएसआर आणि एएसओ ठळक छापलेत, बाकी 'नॉर्मल'.

सगळ्यात आधी प्लेटलेटकडे बघा. शरीरात जोराचा दाह चालू असला की यकृत आणि मगज दोघांनाही निरोप जातो आणि प्लेटलेट वाढतात. ईएसआर ९२ पर्यंत नेणारा संधिवात असेल, तर मी प्लेटलेट पाच, सहा, सात लाख असतील अशी अपेक्षा धरते. इथे त्या दीड लाखाच्या जरा वर आहेत. छापील मर्यादेत बसतात म्हणून लॅबने त्या ठळक केल्या नाहीत, पण या मुलीच्या बाबतीत हा आकडा कमी आहे. एवढा दाह असताना प्लेटलेट वाढत नाहीत, याचा अर्थ त्या बनतात तिथे काहीतरी अडचण आहे, अशी शंका घ्यावीच लागते.

पांढऱ्या पेशी ४,३००. बऱ्याच लॅबच्या छापील मर्यादा मोठ्या माणसांच्या असतात, ४,००० ते ११,०००. साडेचार वर्षांच्या मुलासाठी खालची मर्यादा साधारण ५,००० धरतात. आणि यातला खरा आकडा टक्केवारीत लपलेला आहे. ४,३०० चे १६ टक्के म्हणजे ६८८. तिच्या रक्तात न्यूट्रोफिल सातशेच्याही खाली आहेत. या वयात ते दीड हजाराच्या वर हवेत. सक्रिय संधिवातात तर न्यूट्रोफिल वाढतात. 'लिम्फोसाइट जास्त, व्हायरल असेल' म्हणून हा रिपोर्ट बाजूला पडू शकतो, पण सहा आठवडे टिकणारं असं व्हायरल मला सहसा दिसलेलं नाही.

म्हणजे हिमोग्लोबिन कमी, न्यूट्रोफिल कमी, प्लेटलेट अपेक्षेपेक्षा कमी. तिन्ही पेशी एकाच ठिकाणी, मगजात, तयार होतात. तिन्हींची आवक एकदम घटली असेल तर तो मगज डोळ्यांनी बघायला नको का?

आता तुमचा मुद्दा, रक्तात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. मगज ही रोपवाटिका समजा. तिथे तण माजलं तर ते लगेच शेतात दिसत नाही, आधी रोपं कमी पडायला लागतात. ल्युकेमिया हाडांच्या दुखण्याने सुरू होतो तेव्हा कित्येकदा नेमकं हेच चालू असतं. २००६ साली 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात याच प्रश्नावर एक अभ्यास छापून आला होता. सांधे दुखतात म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे आलेली २७७ मुलं त्यात होती. पुढे त्यांपैकी ७१ जणांना ल्युकेमिया निघाला आणि २०६ जणांना संधिवात. ल्युकेमिया निघालेल्यांपैकी तीन चतुर्थांश मुलांच्या रक्तात पहिल्या तपासणीच्या वेळी ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी, नव्हत्या. म्हणजे रक्त स्वच्छ दिसणं हीच तिथली नेहमीची गोष्ट होती.

त्याच अभ्यासात दोन्ही आजार वेगळे करायला तीन गोष्टी सगळ्यात उपयोगी ठरल्या. पांढऱ्या पेशी ४,००० पेक्षा कमी, प्लेटलेट दीड ते अडीच लाख म्हणजे मर्यादेच्या खालच्या भागात, आणि रात्रीचं दुखणं. एएनए, पुरळ आणि सांध्यावरची सूज यांचा वेगळं करायला उपयोग झाला नाही. तुमच्या मुलीत दोन गोष्टी स्पष्ट आहेत आणि तिसरी सीमेवर. अर्थात ही कसोटी म्हणजे निदान नव्हे. ती पुरी होणाऱ्या काही मुलांना शेवटी संधिवातच निघतो. पण तेवढ्यावर मॅरो बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या आकड्यांवर फार वेळ घालवत नाही. मुलांच्या संधिवातात आरए फॅक्टर बहुतेकांचा निगेटिव्हच येतो. एएसओ ४०० म्हणजे मागे कधीतरी घशाचा संसर्ग झाला होता. आपल्याकडे शाळकरी मुलांत हा आकडा सहज सापडतो. याच आकड्यावर संधिज्वराचा, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या सांधेदुखीच्या तापाचा, शिक्का मारून मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलेलं मी पुष्कळ वेळा बघितलंय, त्याचं मला फार वाईट वाटतं. संधिज्वरात दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात फिरतं आणि ॲस्पिरिनसारख्या औषधाने दोन-तीन दिवसांत निवळतं, ते असं सहा आठवडे हाडात घर करून बसत नाही. आणि कुणी प्लेटलेट बघून 'डेंगी असेल' म्हणालं, तर डेंगीत प्लेटलेट घसरतात आणि आठवडा-दहा दिवसांत परत वर येतात, हे लक्षात ठेवा. एलडीएच आणि युरिक ॲसिड, म्हणजे पेशी मोठ्या प्रमाणात मरत असल्या की रक्तात वाढणाऱ्या गोष्टी, यांची तपासणी अजून केलेली नाही. ते करा. बरंच वाढलेलं असेल तर संशय पक्का होतो. पण ते नॉर्मल आलं म्हणून मॅरो रद्द करू नका. नमुना काढताना पेशी फुटल्या तर एलडीएच उगाच वाढलेलं दिसतं, तेही ध्यानात असू द्या.

आणखी एक. हे आकडे यंत्राने दिलेले आहेत. यंत्र ब्लास्ट पेशींना कित्येकदा लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट समजून मोजतं. रक्ताची काचपट्टी पॅथॉलॉजिस्टने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली का, हे विचारा. बघितली नसेल तर ताजं रक्त देऊन बघायला सांगा, आणि चिठ्ठीवर 'हाडं दुखतात, ईएसआर ९२' असं लिहून द्या. काय शोधायचंय हे माहीत असलं की बघणारा जास्त वेळ बघतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, स्टेरॉइड देऊन बघण्याचा. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

प्रेडनिसोलोन आणि डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडं लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या उपचारातलीच प्रमुख औषधं आहेत. उपचाराची सुरुवातच त्यांनी होते. म्हणजे संधिवात समजून दिलेलं सिरप नकळत ल्युकेमियाचा अर्धवट उपचार करतं. दोन दिवसांत ताप जातो, मूल चालायला लागतं, जेवायला मागतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं आणि डॉक्टरांनाही निदान बरोबर होतं असं वाटतं. पण उरलेल्या पेशी मगजात तशाच असतात. काही आठवड्यांनी दुखणं परत येतं, आणि तेव्हा मॅरो काढला तर तो अर्धवट साफ झालेला, कधी नुसता ओसाड दिसतो. निदान ठामपणे सांगता येत नाही, पुन्हा वाट बघावी लागते, पुन्हा सुई. शिवाय बऱ्याच उपचारपद्धतींत पहिल्या आठवड्यात स्टेरॉइडला पेशी कसा प्रतिसाद देतात, यावरून आजार किती चिवट आहे हे ठरवतात. आधीच स्टेरॉइड पोटात गेलेलं असेल तर ही मोजपट्टी हातातून जाते आणि मुलाला गरजेपेक्षा कडक औषधं द्यायची वेळ येऊ शकते. तिसरा धोका म्हणजे पेशी झपाट्याने मेल्या तर युरिक ॲसिड आणि पोटॅशियम एकदम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो. रुग्णालयात त्याची तयारी करून औषध देतात, घरी कुणी करणार नाही. मेथोट्रेक्सेटचंही असंच आहे. ते संधिवाताचं औषध आहे आणि ल्युकेमियाचंही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी सहा वर्षांच्या एका मुलाला मी स्वतः प्रेडनिसोलोन सुरू केलं होतं. गुडघा सुजलेला, ईएसआर शंभराच्या घरात, प्लेटलेट १,९०,०००. मी त्या १,९०,००० वरून पुढे गेले, कारण आकडा मर्यादेत होता. तो आठवड्यात बरा झाला. पाचव्या आठवड्यात पांढराफटक होऊन परत आला. पहिला मॅरो निष्कर्ष देऊ शकला नाही, दुसरा तीन आठवड्यांनी करावा लागला. ती चूक माझी होती आणि मी ती त्याच्या वडिलांना तशीच सांगितली. मुलगा पुढे पूर्ण बरा झाला. पण ते आठ आठवडे मी विसरलेले नाही आणि त्यानंतर मी मर्यादेतल्या प्लेटलेटवरून कधीही नुसती पुढे गेलेले नाही.

सांधेदुखीच्या पुड्यांचंही विचारते. कुणी गावाकडून बिनलेबलची पावडर किंवा गोळ्या आणून दिल्या असतील आणि त्या मुलीला दिल्या असतील, तर डॉक्टरांना न लाजता सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

मी प्रत्येक सुजलेल्या गुडघ्यासाठी मॅरो सांगते असं मात्र नाही. तीन वर्षांची मुलगी, तीन महिने सुजलेला गुडघा, सकाळी लंगडते, रात्री छान झोपते, हिमोग्लोबिन ११, न्यूट्रोफिल व्यवस्थित, प्लेटलेट सव्वापाच लाख, असं चित्र असेल तर मी मॅरोचा विचारही करत नाही. तिला मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते, कारण या संधिवातात डोळा लाल न होता, न दुखता आतून सुजतो आणि डोळा तपासायच्या स्लिट लॅम्प या यंत्राशिवाय ते कळत नाही. रोज चढणारा ताप, पुरळ, पांढऱ्या पेशी बावीस हजार आणि प्लेटलेट सात लाख असं असेल, तरी तोंडाने स्टेरॉइड सुरू करण्याआधी मी बऱ्याचदा मॅरो बघून घेते. इथे तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. याच तापाच्या संधिवातात कधी कधी प्रतिकारशक्ती इतकी बेफाम होते, की प्लेटलेट आणि ईएसआर दोन्ही धडाधड घसरतात आणि फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन रक्तात हजारोंत जातं. तेव्हा थांबायला वेळ नसतो. मॅरो त्याच दिवशी काढून उपचार सुरू करावे लागतात. तुमच्या मुलीचा ईएसआर ९२ वर टिकून आहे आणि ती त्या अवस्थेत दिसत नाही.

हाच मजकूर गडचिरोली किंवा नंदुरबारहून आला असता, तर सिकलसेलसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी मी पहिल्याच ओळीत लिहिली असती. तिकडे मुलाची हाडं दुखण्याचं ते मोठं कारण आहे. आणि एकच सांधा गरम, लाल, मूल हात लावू देत नाही आणि १०३ ताप, असं असेल तर तो सांध्यातला पू समजून त्याच रात्री रुग्णालय गाठायचं असतं. वाचणाऱ्या इतर पालकांसाठी हे सांगितलं.

सुईची भीती मला कळते. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. कमरेच्या मागच्या बाजूला, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं, तिथून मगजाचे थोडे थेंब ओढून घेतात. मणक्याला हात लागत नाही. मुलीला गुंगीचं औषध देऊन झोपवतात, त्या जागेवर भूल देतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. तिच्या प्लेटलेट पुरेशा आहेत, त्यामुळे रक्तस्रावाची काळजी फारशी नाही. एक-दोन दिवस जागा दुखते. बहुतेक मुलं त्याच संध्याकाळी घरी जातात. काचपट्टीवरचा पहिला अंदाज एका दिवसात कळू शकतो, पेशींचा नेमका प्रकार ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीला थोडा जास्त वेळ लागतो, गुणसूत्रांच्या तपासणीला त्याहून जास्त. म्हणून ही तपासणी मुलांच्या रक्तविकारांचे तज्ज्ञ जिथे आहेत आणि जिथून हे सगळे नमुने एकाच वेळी जातील, अशाच ठिकाणी करा. तुमच्यासाठी पुणे किंवा मुंबई. जवळ पडतं म्हणून अर्धवट तपासणी केली तर तिला पुन्हा झोपवावं लागेल.

मॅरो स्वच्छ निघाला तर ती सुई वाया गेली असं समजू नका. मग संधिवाताचा उपचार आम्ही हात आखडता न घेता करू शकतो, आणि आज तो उपचार खूप चांगला आहे. फक्त रक्ताचे आकडे असेच विचित्र राहिले तर काही आठवड्यांनी पुन्हा बघावं लागेल, हे आधीच माहीत असू द्या. आणि ल्युकेमिया निघाला तर? तो शब्द ऐकून जमीन सरकते, पण मुलांचा हा आजार बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी आहे. श्रीमंत देशांत दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी होतात. आपल्याकडे संसर्ग आणि अर्धवट सुटणारे उपचार यांमुळे तो आकडा खाली येतो, पण चांगल्या केंद्रात उपचार पूर्ण करणारी बहुसंख्य मुलं बरी होतात. उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करा. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबांना राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्ससारख्या संस्था मदत करतात. तिथल्या समाजसेवा विभागात विचारा.

तपासणी होईपर्यंत घरी काय करायचं तेही सांगते. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. देण्याआधी दर वेळी ताप मोजून लिहून ठेवा, नाहीतर औषधाने ताप झाकला जाईल. आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन सध्या नको, कारण ती प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. मालीश नको, कुल्ल्यात इंजेक्शन नको. न्यूट्रोफिल सातशेच्या खाली असताना १०१ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात जा आणि दारातच 'न्यूट्रोफिल ६८८ आहेत' असं सांगा. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर न मार लागता उठलेले निळे डाग किंवा बारीक लाल ठिपके, खूप सुस्ती, लघवी कमी होणं, यासाठीही तेच.

पुण्याला निघताना एक्स-रेची फिल्म, सगळे जुने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचे रिपोर्ट, आणि आधीच्या रक्ताची काचपट्टी लॅबकडून मागून घ्या. वर्षभरापूर्वीचा एखादा रिपोर्ट घरात असेल तर तोही शोधा. तिचं तेव्हाचं हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती होत्या, हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. न उघडलेली सिरपची बाटलीही सोबत ठेवा. काय लिहून दिलं होतं आणि ते तिच्या पोटात गेलेलं नाही, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळायला हवं.